बायकोचा हुलिया

माझी बायको परदेशातली आहे.

तिचा देश आमच्या खळ्यावर उभं राहिलं की दिसायचा. मधे पैनगंगा, आणि पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर वऱ्हाडातलं तिचं माहेर. सासूबाईंनी तिकडे मिरचीची फोडणी घातली की मला इकडे ठसका लागायचा. (अतिशयोक्ती आहे. पण वारं उत्तरेचं असलं तर फारशी नाही.) लग्नाला आमची वरात नदी ओलांडून गेली, तेव्हा आपण परमुलखात चाललो आहोत असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. फार तर नवरदेवाचे जोडे भिजतील एवढीच काळजी होती, आणि ते भिजले.

मग सत्तेचाळीस साल आलं. नदीच्या पलीकडचा इंग्रज निघून गेला आणि अलीकडची निजामशाही जागच्या जागी राहिली. एका पावसाळ्यात माझी सासरवाडी परदेश झाली! जिथून गाड्या नदी ओलांडतात त्या उतारावर नाका बसला, नाक्यावर बंदूकवाला जवान बसला, आणि जायला-यायला परवाना लागू झाला. हल्ली माझा नातू त्याला व्हिसा म्हणतो आणि त्याच्या पायी नखं खातो. नखं खाण्याची रीत मात्र आमच्या घरात माझ्यापासून चालत आलेली आहे.

कारण ही सगळी उलथापालथ झाली तेव्हा माझी बायको सुभद्रा होती माहेरी. पहिल्या बाळंतपणाला गेलेली. जाताना बिचारी बैलगाडीत बसून घरच्या घरी गेली होती. येताना तिला सरकारी शिक्का लागणार होता.

दिवाळीच्या सुमाराला पलीकडच्या एका गुराख्यानं नदीवरून हाळी दिली, "ओ पावनं! पोरगी झाली हो!" गावातल्या बाया माझ्या आईला म्हणाल्या, "पहिली बेटी, धनाची पेटी." पण ज्या आवाजात म्हणाल्या, त्यावरून पेटी रिकामी असावी असं वाटलं. मायनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं मला सांगून टाकलं, "नामा, संक्रांतीच्या आत माझी नात घरी पायजे."

दिवस धास्तीचे होते. जाणती माणसं आपली बायकापोरं नदीपलीकडे नेऊन ठेवत होती. तात्या, म्हणजे माझे चुलते आणि घराचे कारभारी (वडील मी लहान असतानाच गेले), मायला समजावू लागले, "वहिनी, लोकं इकडून तिकडं जाऊन राहिले, अन् आपुन तिकडून इकडं आनायचं? ऱ्हाऊ द्या की पोरीला तिथं. सुखरूप हाय."

"सुखरूप आसंल," माय म्हणाली, "पन माझ्यापाशी न्हाई."

ह्याच्यापुढे तात्यांचा कारभार चालत नसे.

तेव्हा तात्या आणि मी हिंगोलीला कचेरीत गेलो. मग पुन्हा गेलो. मग पुन्हा. आज साहेब दौऱ्यावर, उद्या शिक्का दौऱ्यावर, परवा दोघंही हजर तर शाई वाळलेली. कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली बसून बसून तिथल्या शेळ्या आम्हाला ओळखू लागल्या. एकदाचे आम्ही आत रांगेत उभे राहिलो. पेशकार, म्हणजे साहेबांचे कारकून, चष्मा लावून समोर बसलेले, मोठे सज्जन गृहस्थ. पण पुढच्या माणसाचं काम संपल्याशिवाय मान वर करायची नाही असा त्यांचा नेम होता.

माझ्या पुढे हिंगोलीच्या बाजारातले एक कापडवाले शेठजी. त्यांची बायको वाशीमकडे अडकलेली. पेशकारांनी विचारलं, "हुलिया बोलो." म्हणजे माणूस दिसायला कसं आहे ते सांगायचं. त्या काळी बायामाणसांचे फोटो कुठले? कागदावर वर्णन लिहायचं आणि नाक्यावरच्या जवानानं ते माणसाशी ताडून बघायचं.

शेठजींनी शेल्याचा पदर सावरला आणि रंगात आले.

"रंग गोरा जी. दुधात केसर टाकल्यावानी."

"कद?"

"उंच. माझ्या बराबर."

"नाक?"

"सरळ. सुरीवानी!"

"आँखें?"

"मोठे. पाणीदार. एकदा बघितलं की मानूस..."

"बस बस. सरकारकू इतनाच होना," पेशकार म्हणाले आणि शिक्का मारला. रांगेतले सगळे शेठजींकडे आदरानं बघू लागले. मीही बघितलं. आणि नेमका त्याच वेळी माझा नंबर आला.

"जोरूका नाम?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आढ्याकडे बघितलं.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. वडील माणसांसमोर बायकोचं नाव घेणं म्हणजे बेशरमपणाची हद्द. लग्नाला दोन पावसाळे उलटून गेले होते, पण मी 'सुभद्रा' हा शब्द घरात मोठ्यानं उच्चारला नव्हता. मी खोकायचो. एक खोकला म्हणजे पाणी आण, दोन म्हणजे ताट वाढ. एका हिवाळ्यात मला खरोखरच पडसं झालं, तर त्या आठवड्यात बिचारी पाण्याचे तांबे आणि ताटं घेऊन नुसती पळत होती!

"नाम बोलो जी!"

मी खाली मान घालून नाव सांगितलं. पेशकारांना ऐकू येईना. पुन्हा सांगितलं. शेवटी रांगेतला मागचा माणूस ओरडला, "सुभद्रा म्हनून राहिलेत ते!" तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हुलिया?"

आता आली पंचाईत! मला काय ठाऊक? दिवसा घरात तात्या, माय, येणारे-जाणारे. सुभद्रेचा पदर हनुवटीपर्यंत. रात्री घासलेट जपून वापरायचं म्हणून चिमणी बारीक. मला तिच्या जोडव्यांचा आवाज ठाऊक होता, भाकरी थापण्याचा ठेका ठाऊक होता. चेहरा मात्र थोडाथोडा, तुकड्यातुकड्यानं बघितलेला. आणि समजा पुरता बघितला असता, तरी तो चुलत्याच्या शेजारी उभं राहून सांगायचा? नाक कसं, डोळे कसे? त्यापेक्षा मी नदीत उडी घेतली असती. (गुडघाभर पाण्यात. पण घेतली असती.)

"जल्दी बोलो! रंग?"

तात्यांनी घसा खाकरला. माझ्या मानेवरून घाम ओघळला. आणि मी शेठजींकडे बोट दाखवून म्हणालो, "ह्यांनी सांगितली तशीच लिवा जी."

शेठजी गर्रकन वळले. "ओ पावनं! तुमी आमची बायको कवा पाहिली?"

"न्हाई पाहिली जी!"

"मंग तुमची तशीच हाय, हे कसं ठाऊक?"

"म्हंजे... ऐकून..."

"कोनापून ऐकलं?"

"आत्ता तुमीच सांगितलं की!"

पेशकारांना मात्र आनंद झाला. शेठजींच्या कागदावरून उतरवून घ्यायचं, डोकं लावायला नको. "हौ, अच्छा हुआ. दोनो एकसरीक्याँ," असं म्हणत त्यांनी माझ्या बायकोला भराभर गोरी केली, उंच केली, सरळ नाकाची केली आणि शिक्का मारून शाई टिपायला वर वाळू टाकली. मी परत आलो. खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर मला थोडं बरंच वाटत होतं. चारचौघांत आपली बायको शेठजींच्या बायकोपेक्षा काही कमी पडली नाही!

परवाना नाक्यावर यायला बरेच दिवस गेले. तो आल्याचा निरोप मिळाला आणि घरात लगीनघाई सुरू झाली. मायनं पाळणा धुऊन काढला. मी दाढी केली, नवं धोतर नेसलो, फेटा बांधला, सोडला, परत बांधला. उतारावर गेलो तर निम्मा गाव माझ्याआधी हजर. शेजारच्या गोरेगावच्या बाजाराला निघालेले लोकसुद्धा गाड्या थांबवून उभे.

पलीकडून गाडी पाण्यात उतरली. पुढे माझा मेहुणा किसनराव, मागे वाकळेत लेकरू गुंडाळून सुभद्रा. वाकळेतून टोपड्याची एक लाल झालर तेवढी दिसत होती. ती माझी लेक! माझ्या पायांनी पुढे जायचं ठरवलं, पण जवानानं बंदूक आडवी धरली.

"पहिले कागज," तो म्हणाला. हा जवान तिकडे दूर दक्षिणेतला. कामाला फार चोख. त्यानं कागद उलगडला आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागला.

"रंग... गोरा."

त्यानं सुभद्रेकडे बघितलं. ऊन भर डोक्यावर होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. पण माणूस दयाळू. म्हणाला, "हौ... धूप में आए सो होंगा." मग पुढे, "कद... ऊंचा. माई, जरा उतरो."

सुभद्रा गाडीतून उतरली. लेकरू छातीशी धरून चाकाशेजारी उभी राहिली. चाक थोडं उंच होतं.

"उतरो बोला मैं!" जवान म्हणाला.

"उतरलीच हाय ती," किसनराव म्हणाले.

काठावर कोणीतरी फिसकन हसलं. जवानानं कागदावर पुढचं वाचलं, "नाक... सीधी," सुभद्रेच्या नाकाकडे एकदाच बघितलं आणि कागदाची घडी घातली.

"ये कागज इनका नै," तो म्हणाला. "ये तो कोई गोरी, लंबी औरतका है."

सुभद्रेनं पदर थोडा वर केला. (तात्या उभे असताना!) तिनं आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्या नव्या धोतराकडे, मग फेट्याकडे. नवरदेवासारखा नटून मी उभा, आणि तिच्या नावाच्या परवान्यावर एक गोरी, उंच बाई!

"दादा," ती किसनरावांना म्हणाली, "गाडी फिरव."

"अगं, पन..."

"फिरव म्हनते ना! पोरगी झाली म्हनून दुसरी करून राहिले व्हय! करा म्हनावं. माझ्या नावाखाली लपून काहून आनता तिला? वाजतगाजत आना की!"

बायकोचा आवाज मी असा मोकळ्या हवेत पहिल्यांदाच ऐकला. खणखणीत होता. हुलियात तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं.

मी काहीतरी करायला हवं होतं. धावायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण तात्या शेजारी, गाव मागे, बंदूक पुढे. मी सवयीनं जे येत होतं ते केलं. खोकलो. मग दोनदा खोकलो. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडी पाण्यातून परत गेली आणि टोपड्याची लाल झालर पलीकडच्या चढावर दिसेनाशी झाली.

"ओ साहेब, हीच माझी बायको!" मी जवानाला गयावया करून म्हणालो.

"पहिले लिखाए गोरी, अब्बी बोलते सावली," तो कळवळून म्हणाला. "भाई, कितनी हैं तुमकू?"

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. माय दारात उभी.

"कोन हाय ती?"

"कोन, माय?"

"गोरी."

"माय, कोनीच न्हाई गं! तुझी आन!"

"उंच हाय म्हने."

"अगं, ती न्हाईच तर उंच कशी आसंल?"

माय कडाडली, "माझी नात पारखी केलीस तू! अन् घरात आनून राहिला ती गोरीगोमटी... भाकरी तरी येते का तिला?"

दोन दिवसांत गावात माझी गोरी बायको इतकी नांदू लागली की तिला बघितलेली माणसंही निघाली. कोणाला ती हिंगोलीच्या टेसनावर दिसली, कोणाला आमच्या शेतातल्या आखाड्यावर. न्हाव्यानं हजामत करता करता कानाशी विचारलं, "मालक, आकोल्याची हाय का?" माझ्या गालावर वस्तरा असल्यामुळे मी 'नाही' म्हणू शकलो नाही, आणि ती अकोल्याची ठरली. आठवडा संपला नाही तोच थेट लांबच्या हट्टा गावाहून एक गृहस्थ घोडीवर बसून आले. तंबाखू मळत ओसरीवर बसले आणि म्हणाले, "ऐकलं का तुमी दुसरी करून राहिले. मंग परक्या मुलखातली काहून? आमची बी उंचच हाय."

मायनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर तिनं पाळण्यात गवऱ्या भरून ठेवल्या. मी बघतो आहे हे बघून भरल्या.

मग मात्र माझी लाज संपली. घरात पाळणा असा, आणि पलीकडे लेक अशी की तिचं तोंड बघायचं राहिलेलं. लाज कोणासाठी ठेवायची? मी उतारावर गेलो आणि पलीकडे हाळ्या मारून किसनरावांना बोलावून घेतलं. ते काठावर आले. त्यांच्या मागे, दगडावर लुगडं आपटत, इकडे पाठ करून सुभद्रा. दोन्ही काठांवर धुण्याच्या बाया. मधे नाक्यावर जवान. म्हणजे खाजगी बोलायला जागा झकास होती!

"किसनराव! मी दुसरी केली न्हाई!" मी बोंबललो.

किसनराव मागे गेले, बहिणीशी बोलले, परत आले. "ती म्हनते, मंग गोरी कोन?"

"हिंगोलीच्या शेठजीची बायको!"

(हे आपण काय बोललो, ते मला बोलून झाल्यावर कळलं.)

दोन्ही काठांवरची धुणी एकदम थांबली.

"दाजी!" किसनराव किंचाळले, "शेठजीच्या बायकोला परवान्यावर आनून राहिले तुमी?"

"न्हाई हो! मी तिला पाहिलीबी न्हाई! नुसती लिवली!"

"जोर से बोलो," जवान मला म्हणाला. "वो सुने नै." त्याची आता करमणूक होऊ लागली होती.

मी जोरानं बोललो. सगळं बोललो. पेशकार, शेठजी, तात्या, आढं, घाम, सगळं. शेवटी ओरडलो, "तात्याच्या म्होरं तुझं नाक कसं सांगू गं?" आणि बोलून गेल्यावर लक्षात आलं, की मी तिच्याशी बोललो होतो. किसनरावांशी नव्हे. थेट. भर नदीत!

सुभद्रेचं लुगडं आपटणं थांबलं. तिनं वळून बघितलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. रडते की हसते, ते एवढ्या लांबून कळेना. किसनराव तिच्याजवळ गेले, बराच वेळ बोलत राहिले आणि तोंडावर हात धरून परत आले.

"ती म्हनते, तुमी आता सरकारात काईच सांगू नका. सासूबाईला कचेरीत घेऊन जा. माझ्याबद्दल खरं बोलनारं त्या घरात तेवढं एकच मानूस हाय."

मायनं हा निरोप ऐकला. पाळण्यातल्या गवऱ्या काढून चुलीजवळ ठेवल्या, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "गाडी जुंप."

कचेरीत पेशकारांनी मला ओळखलं. शेळ्यांनीही ओळखलं. माय टेबलासमोर पाय रोवून उभी राहिली. मला तिनं दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं. पण दार उघडंच होतं, आणि माय बोलते ते दार बंद असलं तरी ऐकू येतं.

"अम्मा, बहूका रंग?"

"काळा."

"सावला लिखते."

"सावळा काहून? काळा म्हंजे काळा. बाळंतपनात उजळली आसंल तर मला ठाऊक न्हाई."

"कद?"

"माझ्या खांद्याला लागते. उतरंडीचं वरचं गाडगं काढाय पाटावर चढती. पाट म्हंजे आमचा जेवायचा पाट! त्यावर पाय देऊन!"

"नाक?"

"बसकं. रागाला आली का फुगतं."

"और?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

"और म्हंजे, दळताना दाने सांडती. भाकर एका अंगानं करपवती. उलट बोलती. तोंडावर न्हाई बोलत, चुलीकडं तोंड करून बोलती, म्हंजे मी काई म्हनाय गेले तर ती म्हननार, मी चुलीला बोलले."

"अम्मा, अम्मा! पैचान होना. शिकायत नक्को!"

"पैचानच सांगून राहिले ना मी! ह्या दोन तालुक्यांत आशी दुसरी सून दाखवा."

पेशकारांनी हात टेकले. "अच्छा. बदन पे कोई निशानी?"

मायनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय. चुलीपाशी माझा पाय घसरला तवा मला सावरलं, अन् कढी आपल्या हातावर घेतली. रडली न्हाई. मलाच इचारती, तुमाला लागलं का." आणि एकदम मोठ्यानं, "लिवलं का? नीट लिवा. डाग उजव्या हाताला हाय."

मी बाहेर उभा होतो. त्या मनगटानं मला दोन वर्षं ताट वाढलं होतं, आणि मी आमटीकडे बघत बसलो होतो.

नवा परवाना आला. पुन्हा उतार, पुन्हा निम्मा गाव. ह्या खेपेला उरलेला निम्माही आला होता. गाडी पाण्यातून वर आली. जवानानं न सांगता सुभद्रा खाली उतरली. त्यानं कागद उलगडला आणि दचकून तिच्याकडे बघितलं. वाचावं की नाही, ह्या विचारात तो पडला.

"वाचा की," सुभद्रा म्हणाली.

"रंग... काला."

सुभद्रेनं मान हलवली.

"कद छोटा. नाक चपटी, गुस्से में फूलती."

"व्हय."

"दाने गिराती. रोटी जलाती. चूल्हे से..." जवानानं घाम पुसला. "माई, ये मैं नै लिखा!"

"बराबर हाय," सुभद्रा म्हणाली. कीर्तन ऐकावं तशी तृप्त होऊन ती ऐकत होती. "फुडं वाचा."

"सीधी कलाई पे जलेका निशान."

लेकरू डाव्या हातावर घेऊन तिनं उजवं मनगट पुढे केलं आणि जवानाकडे न बघता त्याच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या मायकडे बघितलं. माय दुसरीकडे बघू लागली. मग ओरडली, "आरं, पाहून झालं का न्हाई? लेकरू उन्हात हाय माझं!"

जवानानं कागद खिशात घातला. पण मागच्या खेपेचा घोळ त्याच्या चांगला लक्षात होता. चोख माणूस! म्हणाला, "औरत बराबर. अब मर्दकी पैचान होना. माई, इनमें तुम्हारा खाविंद कौन?"

"ते नामदेव..." किसनराव सांगू लागले.

"तुम नक्को. वो बोलेगी."

आता ती काय करणार? नाव घ्यायची तिलाही बंदी. बोट दाखवणं त्याहून वाईट. सगळा गाव माना उंच करून, टाचा वर करून तिच्याकडे बघत होता. तात्यासुद्धा! तात्या माझ्या शेजारीच होते, म्हणून मी आपला मर्यादेनं खाली मान घालून पाण्याकडे बघत उभा होतो.

सुभद्रेनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हे सगळे माझ्याकडं बघून राहिलेत ना?" ती म्हणाली. "त्यात एकच मानूस नदीकडं बघून राहिला. त्योच."

जवानानं मान वर केली आणि दुसऱ्याच क्षणी माझा दंड धरला.

सरकारी कामात माझी ओळख इतक्या झटपट त्याआधी कधी पटली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.